थुटापासून थप्पीपर्यंत

घेर १२० सेंटीमीटर, लांबी चार मीटर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हा मध्यम बांध्याचा सागाचा लठ्ठा. नुकता तोडलेला असेल तर साडेचारशे किलोच्या घरात भरतो. वाळला की तोच तीनशेवर येतो. पण तो वाळेपर्यंत जंगलात ठेवायला कोणी तयार नसतं. पाऊस येणार, चोर येणार, वणवा येणार. त्यामुळे लठ्ठा सगळ्यात जड असतो तेव्हाच त्याला सगळ्यात वाईट वाटेवरून बाहेर काढावं लागतं.

यंदा अंकाचा विषय ‘ओझं’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हे लठ्ठे आठवले. लाकडावर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. एकतर जंगलतोडीच्या अंगाने, नाहीतर घराच्या सजावटीच्या अंगाने. झाड पडल्यानंतर आणि त्याची फळी होण्यापूर्वी जे काही घडतं, त्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेलं तेव्हा बल्लारपुरात मिरवणूक निघाली, लाकडाची पूजा झाली. त्या लाकडाला रस्त्यापर्यंत कोणी आणलं, कशाने उचललं, कुठे रचून ठेवलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते पाहायला मी बल्लारपूर, आलापल्ली आणि त्यांच्या मधल्या काही गावांत गेलो.

कुपातली वाट

सरकारी जंगलात झाड मनाला येईल तसं पाडता येत नाही. वनविभागाची कार्य आयोजना असते, तिच्यात कोणत्या वर्षी जंगलाच्या कोणत्या तुकड्यात कटाई होणार ते ठरलेलं असतं. त्या तुकड्याला कूप म्हणतात. पावसाळा सरला, जमीन वाळली की कुपात आधी मार्किंग होतं. झाडावर दोन ठिकाणी साल तासून हॅमरचा ठसा मारतात : एक छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुडाशी. बुडाचा ठसा महत्त्वाचा, कारण झाड गेल्यावर तोच थुटावर शिल्लक राहतो. कोणीही अधिकारी नंतर येऊन थुट पाहून सांगू शकतो की हे झाड रीतसर पडलं की चोरीने.

झाड पाडण्याचं काम आता बहुतेक चेन सॉ करते. पडलेल्या खोडाचे तुकडे कुठे करायचे, हा त्याहून नाजूक निर्णय. लांब आणि सरळ लठ्ठ्याला घनमीटरमागे जास्त भाव मिळतो. खोडात बाक असेल तर तो नेमका तुकड्याच्या टोकाला यावा, मध्ये येऊ नये. गाठ असेल तर ती कोणत्या तुकड्यात ढकलायची हेही ठरवावं लागतं. मी पाहिलं त्या कुपात हा निर्णय एक वयस्क मजूर घेत होता. हातात टेप, कानाला खडू. तो खोडावरून चालत जायचा, वाकून बघायचा, खडूची रेघ मारायचा. वनरक्षकाने एकदाही त्याची रेघ बदलली नाही.

प्रत्येक तुकड्याला नंबर पडतो. तो नंबर, झाडाचा नंबर, लांबी, घेर अशी सगळी नोंद वहीत होते. इथून पुढे लठ्ठा कुठेही गेला तरी हा नंबर त्याच्याबरोबर जातो.

मग येते ओढणी. कुपाच्या आत ट्रक येत नाही, म्हणून थुटापासून जंगलरस्त्यापर्यंतचं अंतर लठ्ठा ओढतच न्यावा लागतो. या भागात पूर्वी हे काम बैलजोड्या आणि हत्ती करत. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प आज पर्यटकांसाठी प्रसिद्ध आहे, पण वनविभागाने तिथे हत्ती ठेवले ते लाकूड वाहण्यासाठी. हत्तीची मोठी खुबी अशी की त्याला रस्ता लागत नाही. उभ्या झाडांमधून तो वळसा घेत लठ्ठा काढतो आणि मागे पायवाटेएवढी खूण ठेवतो.

ट्रॅक्टरला वाट लागते. आणि ट्रॅक्टरची वाट कशी पाडली जाते त्यावर त्या कुपाचं पुढचं भवितव्य बरंचसं ठरतं. साखळी बांधून लठ्ठा तसाच फरफटत नेला तर त्याचं पुढचं टोक नांगरासारखं जमिनीत घुसतं. मातीचा वरचा थर सोलला जातो, तिथे पावसाळ्यात ओघळ पडतो. म्हणून जाणते लोक साखळी अशी घेतात की लठ्ठ्याचं पुढचं टोक ट्रॅक्टरच्या मागे अधांतरी राहील आणि फक्त मागचं टोक जमिनीवर घासेल. ओढायलाही हलकं जातं.

दुसरी गोष्ट चाकाखालच्या मातीची. जड चाक मातीवरून गेलं की तिच्यातली हवा-पाण्याची पोकळी दबते. रोपाचं मूळ अशा जमिनीत शिरत नाही, पाणी मुरत नाही. हे नुकसान फेरी वाढेल तसं सारखं वाढत जात नाही. बहुतेक दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसून जातो, पुढच्या फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. त्यामुळे दर वेळी जवळचा रस्ता शोधत कुपभर हिंडणारा ट्रॅक्टर सगळा कूप खराब करतो, आणि एकच वाट धरून जाणारा ती वाट तेवढी बिघडवतो. ठेकेदाराला डिझेल वाचवायचं असतं, चालकाला वेळ. वाट आखून देण्याचं आणि ती पाळून घेण्याचं काम वनपालाने केलं नाही तर दुसरं कोणीच करत नाही. दोन शेजारशेजारच्या जुन्या कुपांत मला हा फरक डोळ्यांनी दिसला. एकात सागाचे फुटवे आणि रोपं सरसकट होती. दुसऱ्यात चाकोऱ्यांचं जाळं होतं आणि त्या चाकोऱ्यांत नुसतं गवत.

हायड्रा

विदर्भातल्या कोणत्याही गावात ‘हायड्रा आली’ म्हटलं की पोरं धावतात. पुढे लांब हात असलेली, उचलेल तो माल घेऊन स्वतःच चालणारी ही क्रेन. एका कंपनीच्या क्रेनचं हे नाव, आता त्या जातीच्या प्रत्येक क्रेनचं झालं आहे. विहिरीचे पंप, विजेचे खांब, उलटलेले ट्रक, पवनचक्कीचे सुटे भाग आणि लाकूड, सगळं ही उचलते.

ती येण्यापूर्वी ट्रक कसा भरत, हे एका जुन्या मजुराने मला हातवारे करत समजावलं. ट्रकच्या बाजूला दोन जाड बल्ल्या तिरप्या टेकवायच्या. लठ्ठा त्यांच्या पायथ्याशी आणायचा. दोन दोर लठ्ठ्याखालून घेऊन पलीकडे ट्रकवरच्या माणसांच्या हातात द्यायचे. वरचे ओढणार, खालचे सब्बल लावून रेटणार, आणि एक जण हाळी देणार. हाळीवर सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. एक बाजू पुढे गेली की लठ्ठा तिरपा होतो आणि मग तो खाली येतो. खाली माणसं असतात. त्याच्या डाव्या पायाच्या नडगीवर लांबलचक वण आहे. त्याच्याबरोबरच्या एकाचा पाय कायमचा गेला.

हायड्राने हे ओझं खांद्यावरून उतरवलं, ही मोठी गोष्ट आहे, आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा तो वण पाहावा. पण यंत्र आलं म्हणजे धोका गेला असं झालेलं नाही. तो सरकून दुसरीकडे गेला आहे.

क्रेनवर बारा टन, चौदा टन असा आकडा रंगवलेला असतो. तो आकडा खरा असतो तो हात आखडलेला असताना, ओझं यंत्राच्या अगदी जवळ असताना आणि जमीन सपाट नि टणक असताना. हात जसजसा लांब करावा तसतशी उचलण्याची ताकद झपाट्याने घटते. शिवाय या क्रेनचं वळणं वेगळं आहे. ती फक्त चाकं वळवत नाही, मधल्या सांध्यातून सगळी कंबरच वळवते. ओझं टांगलेलं असताना कंबर वळली की भार एका बाजूला जातो. त्यात त्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं, तर क्रेन लठ्ठ्यासकट कलंडते. म्हणून चांगला ऑपरेटर ओझं घेऊन चालताना हात खाली ठेवतो, लठ्ठा जमिनीपासून फूटभरच उचलतो आणि जिथे वळायचं तिथे जवळजवळ थांबतो.

मी ज्याच्याबरोबर अर्धा दिवस उभा होतो तो ऑपरेटर क्रेन आत घालण्यापूर्वी खाली उतरून जागा चालून आला. टाच रोवून माती बघितली. एका जागी टाच रुतली, तिथे त्याने मुरमाच्या दोन ट्रॉल्या मागितल्या. मुकादम कुरकुरला. “मुरूम नाही तर हायड्रा नाही,” एवढंच बोलून तो सावलीत जाऊन बसला. मुरूम आला.

ऑपरेटर केबिनमध्ये असतो. लठ्ठ्याजवळ असतो साखळीवाला. क्रेनच्या हुकाला लोंबणारी साखळी किंवा वायर रोप लठ्ठ्याभोवती अडकवणं हे त्याचं काम, आणि सगळी कारागिरी त्यात आहे. लठ्ठ्याचा तोल कधीच बरोबर मधोमध नसतो. बुडाकडचं टोक जाड, शेंड्याकडचं बारीक. म्हणून साखळी मध्यापासून बुडाकडे थोडी सरकवून घ्यावी लागते. किती, ते डोळ्याने. मग हात वर करून खूण, क्रेन लठ्ठा वीतभर उचलते. एक टोक झुकलं तर परत खाली, साखळी सरकव, पुन्हा वर. ही वीतभराची चाचणी जो टाळतो तो कधी ना कधी अडचणीत येतो.

धुऱ्यावरचा साग

सगळा साग सरकारी जंगलातला नसतो. या भागातल्या कास्तकारांनी धुऱ्यावर, पडीक तुकड्यावर वाढवलेला साग ही त्यांची ठेव आहे. मुलीचं लग्न, दवाखाना, विहीर, असं काही निघालं की दहा-वीस झाडं विकायची. झाडं स्वतःची, शेत स्वतःचं, तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो.

कागद निघाले तरी लाकूड निघत नाही. आधी पीक निघावं लागतं. कापूस शेवटच्या वेच्यापर्यंत उभा असतो, तूर त्याच्या मागे. त्यातून क्रेन नेली तर झाडाच्या पैशातले काही पिकात गेले. म्हणून धुऱ्यावरची तोड होते ती पिकं निघाल्यापासून पहिल्या वळवाच्या सरीपर्यंतच्या दिवसांत. काळ्या जमिनीत तर एका जोरदार सरीनंतर आठवडाभर चाक घालता येत नाही. भेगाळलेली, दगडासारखी वाटणारी ती जमीन ओली झाली की लोण्यासारखी होते. ट्रॉली आसापर्यंत बसते आणि तिला काढायला आणलेलं दुसरं यंत्रही बसतं.

मग पांदण. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची ही वाट बंडीच्या मापाची असते. दोन्ही बाजूंनी कुंपण, बाभळी, कुठे अतिक्रमण, मध्ये नाला. हायड्रा तिच्यातून जात नाही, दहा चाकी ट्रकचा तर प्रश्नच नाही. मग लठ्ठे बैलांनी किंवा छोट्या ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत काढायचे, तिथे ढीग करायचा, आणि क्रेनने ट्रकमध्ये भरायचे. दोनदा उचल, दोनदा मजुरी. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली ती शेतमालाच्या वाहतुकीसाठी. पण ज्या गावात पांदण खरंच मोकळी होऊन मुरमाची झाली, तिथे लाकडाचा हिशेबही बदलला.

कसा, ते एका कास्तकाराने सांगितलं. व्यापारी झाड उभंच पाहतो आणि उभ्यालाच भाव सांगतो. बाहेर काढण्याचा खर्च त्याने आधीच मनात वजा केलेला असतो. “पांदण धड नसली का भाव पडलाच समजा, भाऊ. तो काही सांगत नाही का मी कशाचे किती कापले.” खराब रस्त्याची किंमत अशा रीतीने झाडाच्या मालकाच्या खिशातून जाते, आणि कुठल्याही कागदावर दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कास्तकाराने उभं झाड विकू नये. तोडून, तुकडे पाडून, स्वतःच्या हाताने टेप लावून, जमिनीवर पडलेलं लाकूड विकावं. वाहतुकीचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात तोड ठरवली तर क्रेनचं भाडंही वाटून जातं. हे करणारे फार थोडे भेटले, कारण बहुतेकांना पैसा हवा असतो तो आजच.

थप्पी

बल्लारपूरच्या आगारात शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो वास. सागाच्या ताज्या कापाला चामड्याच्या जवळ जाणारा एक तेलकट वास असतो. नजर जाईल तिथवर थप्प्या. प्रत्येक लठ्ठ्याच्या तोंडावर आकडे.

आगाराची जागा निवडण्यातच निम्मं काम असतं : उंचवट्याची, मुरमाची, पाणी आपोआप वाहून जाईल अशी. थप्पी थेट मातीवर रचत नाहीत. आधी दोन आडवे लठ्ठे ठेवतात, त्यांच्यावर माल. मधून वारा खेळतो आणि उधळीला मातीतून सरळ वर चढता येत नाही. सागाच्या तपकिरी गाभ्याला उधळी सहसा लागत नाही, पण सालीखालचा पांढरा भाग ती खाते. थप्प्यांच्या रांगांमध्ये क्रेन फिरेल एवढी गल्ली सोडतात. ही गल्ली कमी ठेवली की जागा वाचते, आणि मग मधला एक लठ्ठा काढायला दहा हलवावे लागतात.

लठ्ठ्याचं मोठं नुकसान होतं ते टोकांकडून. लाकडातली ओल बाजूंपेक्षा कापलेल्या तोंडातून कितीतरी वेगाने निघून जाते. तोंड आकसतं, आतलं ओलंच राहतं, आणि या ओढाताणीत चिरा पडतात. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे फार लवकर होतं. चीर आत गेली तेवढं लाकूड फळीसाठी गेलं. तोंडाला रंग किंवा मेण लावणं, थप्पीची तोंडं पश्चिमेच्या उन्हाकडे न करणं, हे साधे उपाय आहेत. पण प्रत्येक लाकडाचा स्वभाव वेगळा. २००५च्या जानेवारीत स्वीडनमध्ये गुद्रुन वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवं केलं. एवढं लाकूड एकदम विकता येईना, म्हणून बीहोल्माच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर जवळपास दहा लाख घनमीटर रचून ठेवलं आणि त्यावर सतत पाणी फवारत राहिले. ओल्या लाकडात हवा नसते, म्हणून बुरशी आणि किडे शिरत नाहीत. आपल्याकडच्या आंब्याचा लठ्ठा नुसता पावसात पडला तर काही आठवड्यांत निळा पडतो. साग तेवढा माफ करतो.

मोजमाप मात्र कोणालाच माफ करत नाही. लठ्ठ्याचा मधला घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. सुरुवातीच्या लठ्ठ्याचं उदाहरण घेतलं तर घेराचा चतुर्थांश ३० सेंटीमीटर, आणि आकारमान ०.३६ घनमीटर. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने तेच ०.४६ च्या जवळ येतं. म्हणजे चतुर्थांशाच्या रीतीत खरं आकारमान शंभर असेल तर साडेअठ्ठ्याहत्तरच मोजलं जातं. उरलेलं लाकूड आरामशीनवर भुश्यात आणि साली-फाकांत जाणारच, असं धरून ही रीत बसली आहे. व्यापाऱ्याला ती पाठ असते. कास्तकाराला बहुधा कोणी सांगितलेली नसते.

लठ्ठे मोजण्यावरून राज्यं गेली आहेत. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली ज्याच्यासाठी बांधला, तो ब्रह्मदेशचा राजा थिबा. त्याच्या दरबाराने १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर ठपका ठेवला की कंपनीने जंगलातून नेले तेवढे सागाचे लठ्ठे दाखवले नाहीत आणि राजाचा महसूल बुडवला. मोठा दंड ठोठावला. फ्रेंचांशी वाढती जवळीक हेही इंग्रजांच्या मनात होतंच. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये युद्ध झालं, काही दिवसांत संपलं, आणि थिबा रत्नागिरीत आला तो १९१६ मध्ये तिथेच वारला. त्या ब्रह्मदेशात ताजा साग पाण्यावर तरंगत नाही म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडं पाडून दोन-तीन वर्षं उभंच वाळवत, मग पाडत आणि इरावतीत सोडून देत. ओझं वाहायला नदी होती.

बल्लारपूरच्या वहीत आज प्रत्येक नगाचा हिशेब आहे. लठ्ठ्यांची प्रत लावून लॉट पाडतात, व्यापारी येऊन थप्प्यांमधून फिरतात, तोंडावर पाणी टाकून रेषा बघतात, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकतात. बोली ऑनलाइन लागते.

साखळीवाले

लठ्ठ्याचा नंबर थुटापर्यंत मागे नेता येतो. साखळीवाल्याची अशी कोणतीच नोंद मला मिळाली नाही. हायड्रा भाड्याची, तिचा ऑपरेटर क्रेनमालकाचा, आणि साखळी लावणारे मजूर मुकादमाचे, त्या दिवसापुरते. ऑपरेटरजवळ परवाना असतो. ज्याच्या खुणेवर ऑपरेटर काम करतो त्याच्यापाशी काहीच नसतं. मी पाहिलेल्या चार-पाच ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी डोक्यावर हेल्मेट दिसलं. पायात बहुतेक ठिकाणी चपला होत्या. बूट, हेल्मेट, हातमोजे आणि अपघात विमा यांचा खर्च लठ्ठ्याच्या किमतीपुढे मोजायलाही घेऊ नये इतका आहे. तो भरण-उतरणीच्या दरातच धरला पाहिजे, आणि तो दिसल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघता कामा नये. लठ्ठ्यावर ठसा नसेल तर गाडी नाक्यावर अडवणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. तिला हे अशक्य नाही.

उभं कुठे राहायचं हे मला त्या नडगीवर वण असलेल्या माणसाने शिकवलं. लठ्ठा टांगलेला असेल तेव्हा त्याची टोकं फिरतात, म्हणून टोकाला दोर बांधून लांबून धरायचा आणि टोकाजवळ जायचं नाही. लठ्ठा थप्पीवर टेकला, साखळी सैल पडली, की तो लोळू शकतो. लोळतो तो बाजूला. म्हणून तेव्हा बाजूला उभं राहायचं नाही, टोकाकडून जायचं, आधी दोन्हीकडे लाकडी गुटके मारायचे, मगच साखळी सोडायची. साखळी ताठ असताना जी जागा सुरक्षित, तीच साखळी सैल पडताक्षणी धोक्याची. ट्रक उतरवताना तर हे अधिकच : दोर सोडताना खालचा माल कोणत्या बाजूला रेटतोय ते आधी बघायचं, आणि सोडणाऱ्याने नेहमी दुसऱ्या बाजूला असायचं.

त्याचा मुलगा बारावीनंतर हायड्रा शिकायला लागला आहे. केबिनमध्ये बसायची त्याला घाई आहे. बापाने ऑपरेटरला सांगून ठेवलंय, “उस्ताद, एक सीझन याले साखळीवरच ठेवा.”